देवाची मूठ

चुलीवर आधण ठेवलं की एक मूठ तांदूळ बाजूला काढायचे,
निळ्या बिस्किटांच्या डब्यात. देवाचे.
चंफाईच्या या डोंगरधारेवर घरोघरच्या बाया हेच करतात.
झोनी करायची. तिच्या हाताला माप लागत नसे.
ती गेली, आणि डबा माझ्याकडे आला,
आल्याचा ट्रक हाकणाऱ्या माणसाकडे.
माझ्या तळव्यांचा आल्याचा वास जात नाही,
देवाच्या तांदळालाही येत असणार.

हिमी सात वर्षांची. चुलीशी उकिडवी बसून विचारते,
"पा, देव कच्चे तांदूळ खातो?"
मी म्हणतो, रविवारी मंडळीतल्या बाया नेतात,
विकतात, त्यातून पाळकांचा पगार, कुणाच्या छपराचे पत्रे.
"मग देवाला काय उरतं?"
मला रस्ता पाठ आहे. दरड कुठे येते,
उतारावर ब्रेक कुठे तापतात, सगळं.
हे वळण नवीन होतं.
म्हणालो, गप बस, भात करपेल.

रात्रीची प्रार्थना झोनीला तोंडपाठ होती.
मला अर्धीच येते.
उरलेली मी पुटपुटून नेतो,
आणि हिमी ते पुटपुटणंही म्हणते,
त्याच जागी, त्याच सुरात,
जणू तेही शास्त्रात लिहिलेलं आहे.
काय शिकवतो आहे मी हिला?

गेल्या महिन्यात सिल्चरहून चार दिवसांनी परतलो.
डबा उचलला. हलका.
आधी उंदरांवर संशय घेतला, फळीमागे काठी फिरवली.
पण झाकण घट्ट होतं,
आणि उंदीर जाताना झाकण लावून जात नाहीत.

हिमीला समोर उभं केलं.
"देवाचं चोरतेस?"
माझा आवाज असा चढला
की घराखालची डुकरंही थांबली.
ती रडली नाही.
"शाळेत राहतो ना, त्या मुलाला दिले.
नदी ओलांडून आलेत ते.
त्याच्या आईकडे पातेलं आहे,
पण त्यात घालायला काही नाही."
मी काहीच बोललो नाही, म्हणून पुढे म्हणाली,
"तूच म्हणालास डबा देवाचा.
आणि मी तुझी मूठ नाही घेतली, माझीच घेतली. एवढीशी."
तिने हात पुढे केला, वळलेला.
ती मूठ दाखवत होती
की मार चुकवत होती, मला कळलं नाही.
हे मला अजून टोचतं.

बोलायला हवं होतं ते मनात जुळवत राहिलो:
विचारून घ्यावं. आपलं द्यावं, दुसऱ्याचं देऊ नये.
सगळं खरंच होतं,
आणि त्यातलं एकही वाक्य
त्या पातेल्यापुढे उभं राहत नव्हतं.

रविवारी बाया आल्या. थानी मावशीने डबा उपडा केला.
तळाचे चार दाणे परातीत टणटणले.
तिने माझ्याकडे पाहिलं.
हिमी म्हणाली, "आमचे आधीच गेले."
मी ते तसंच राहू दिलं.
हे खोटं होतं का?
कोलासिबच्या चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये,
मी स्वतःला हेच विचारत असतो.

त्या संध्याकाळी मूठ काढली, डब्यात टाकली.
मग आणखी एक काढली आणि तिच्या ओंजळीत ओतली.
ओंजळ भरून दाणे खाली सांडले.
"ही तुझी. कुठे न्यायची ते तू बघ."
तिने ओंजळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"देवाला विचारून, की न विचारता?"

मी उत्तर शोधत बसलो.
भात खरंच करपला.
त्यावरच प्रार्थना म्हटली आम्ही,
अर्धी पाठ, अर्धी पुटपुटत,
आणि दोघंही एकाच जागी अडखळलो.